एक वाटी लिंबाची, एक सोड्याची

नोकरीला लागले तेव्हा माझी भाबडी समजूत होती की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रसायनं असतात. उज्जैनच्या ज्या सरकारी कन्याशाळेत मी सगळं आयुष्य काढलं, तिथल्या कपाटात पहिल्या दिवशी मला मिळालं ते तेजाबाची एक बाटली, काचेच्या नळ्यांचा खोका आणि चिमणीचं रिकामं घरटं. लिटमस कागदाच्या पुड्या होत्या, नाही असं नाही. पण त्या कुणीतरी बाटलीला टेकूनच ठेवल्या होत्या. बाटलीच्या वाफेनं निळा लिटमस कधीच लाल होऊन बसला होता. नवीन मागवावा म्हणून अर्ज केला. त्याचं उत्तर आलं नाही, आणि अशा अर्जाचं उत्तर कधी येतही नाही हे मला पुढे कळलं.

मुलींना मात्र अम्ल आणि क्षार शिकवायचे होतेच. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून मी तेच शब्द वापरते. महाराष्ट्रातली मंडळी आम्ल, आम्लारी म्हणतात. ज्यांचा या विषयाशी शाळेनंतर संबंध आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की लिंबू, चिंच, ताक, कैरी ही आंबट घराण्यातली, आणि चुना, साबण, सोडा, राख ही खाऱ्या घराण्यातली. दोन घराण्यांचं वैर आहे, पण ओळख पटवायला प्रत्येक वेळी जिभेवर ठेवून चालत नाही. काही फुलं आणि मुळं मात्र ही ओळख रंग बदलून सांगतात. शाळेच्या हातपंपाशी जास्वंदीचं झाड होतं. त्याची फुलं उकळून केलेलं पाणी आंबटात लालगुलाबी होतं आणि खारात हिरवं. स्वयंपाकघरातली हळद आंबटात पिवळीच राहते, खारात लाल होते. आमची प्रयोगशाळा त्या दिवसापासून अर्धी अंगणात आणि अर्धी मुलींच्या डब्यांत आली.

माझी एक पद्धत होती, तिची मुली पाठीमागे नक्कल करत. टेबलावर नेहमी दोन वाट्या. एका वाटीत लिंबाचा रस, दुसरीत धुण्याच्या सोड्याचं पाणी. कोणतीही वस्तू आली की तिला दोन्ही वाट्यांतून जावं लागे. एका वाटीचं उत्तर मनासारखं आलं तरी दुसरी चुकवायची नाही. "अरे, एक तरफ़ की सुनके फ़ैसला तो मोहल्लेवाले भी कर लेते हैं," असं मी वर्गात म्हणत असे. पाठ फिरली की मागच्या बाकावरून हेच वाक्य माझ्याच आवाजात ऐकू यायचं. आमच्या घरी यजमानांची तक्रार वेगळी होती. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या नोकऱ्यांत मी अशी एकटीच होते जी पगार घरी आणायची आणि लिंबं घरून न्यायची.

एकदा प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. सफारी सूट, खिशाला दोन पेनं, तोंडात पान. मुलींच्या समोर जास्वंदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या ड्रॉइंगच्या कागदाच्या जांभळट पट्ट्या बघून त्यांनी भुवया उडवल्या.

"लिटमस कहाँ है, मैडम?"

"सर, बाहर खिला है," मी खिडकीतून झाड दाखवलं.

"ये मान्य है?"

"बोर्ड का पता नहीं सर. तेज़ाब मान लेता है."

त्यांना ते आवडलं नाही. पण त्यांनी दिलेल्या अनोळखी बाटल्या पोरींनी त्या पट्ट्यांवर बरोबर ओळखल्या. मग परीक्षक स्वतःच पट्टी घेऊन एकेक वस्तू तपासायला लागले. साबण झाला, चहा झाला, हळूच पानाच्या डबीतला चुना झाला. पट्टी हिरवी झाली तसे ते लहान मुलासारखे हसले, आणि जाताना थोड्या पट्ट्या पाकिटात घालून घेऊन गेले. लिटमस पाठवून देतो म्हणाले होते. तो काही आला नाही.

हळूहळू गावात बोभाटा झाला की कन्याशाळेतल्या मॅडम वस्तू तपासून देतात. मी असं कधी म्हटलं नव्हतं. पण मुली घरी जाऊन सांगायच्या आणि आया वस्तू घेऊन यायच्या. वरणाच्या डागाला साबण लावताच डाग रक्तासारखा लाल झाला म्हणून कुणीतरी पांढरी साडी बादलीतून ओली तशीच आणली होती. साबण खारा, वरणातली हळद त्याच्यामुळे लाल. लिंबू लावा, उन्हात टाका, म्हटलं. साडी वाचली आणि त्या घरातल्या सासूचा नातीच्या विज्ञानाला असलेला विरोधही मावळला.

पण माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे भैरवगढचे रशीदभाई. त्यांची मुलगी आमच्याकडे होती. ठप्पे मारून कापड छापायचं, रंगवायचं, हा घरचा धंदा. एका लग्नासाठी त्यांनी हळदीत रंगवलेले पिवळे दुपट्टे केले होते. ते घड्या घालून ठेवले, आणि सकाळी उघडून बघतात तर प्रत्येक दुपट्ट्याच्या एका कोपऱ्यावर लाल डाग. एखादा नाही, प्रत्येकावर.

"मैडमजी, किसीने कुछ करा दिया है," ते म्हणाले. तोंड सुकलं होतं. "शादी का माल है. लड़कीवाले लाल छींटा देखेंगे तो क्या बोलेंगे?"

मी वर्गातच दुपट्टा पसरला. शिल्पा म्हणून एक चुणचुणीत मराठी पोर पहिल्या बाकावर होती. उत्तर येत असो वा नसो, हात तिचाच आधी वर. तिला म्हटलं, पिळ लिंबू. तिनं डागावर लिंबू पिळलं आणि लाल डाग बघता बघता पिवळा झाला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी त्या थांबवल्या, आणि दुपट्ट्याच्या स्वच्छ भागावर सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. तो लाल झाला, अगदी त्या डागासारखा. आता दोन्हीकडची साक्ष मिळाली. कुणी करणी केलेली नव्हती, कुणाचातरी खारा हात लागला होता.

"रशीदभाई, घड़ी करके गिनता कौन है?"

"मैं ही गिनता हूँ."

"और तंबाकू?"

ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. तंबाखूला चुना लावून मळायची आणि त्याच अंगठ्यानं ओलसर कापडाची घडी उचलायची. डाग बरोबर अंगठ्याएवढेच होते. आधी ते ओशाळले, मग इतके हसले की शेजारच्या वर्गातून शिक्षिका बघायला आल्या. दुपट्टे चिंचेच्या पाण्यातून काढले आणि लग्न पिवळ्या दुपट्ट्यांत झालं. तंबाखू काही सुटली नाही, पण तेव्हापासून घड्या त्यांची बायको मोजायला लागली.

हा प्रसंग त्या वर्गाच्या डोक्यात पक्का बसला. शिल्पाच्या डोक्यात तर फारच. फक्त तिला लिंबू आठवत राहिलं. सोडा मी टाकला होता ना, तिनं नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही नानाखेड्याच्या बाजूला राहायला आलो. तिथे दोन घरं सोडून मंगलाताई राहतात. शिंदेशाहीत कधीतरी कारकुनीला आलेल्या घराण्यातली सून, आणि हळदीचं कुंकू घरी करणारी आमच्या ओळखीतली शेवटची बाई. चांगली हळकुंडं घ्यायची, फोडून त्यांना टाकणखार आणि तुरटी लावायची, लिंबाचा रस पाजायचा, सावलीत वाळवायची. मग कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, शेवटी तिळाच्या तेलाचं बोट. घरात गेलं की तो लिंबाहळदीचा वास पडद्यांनाही येतो. आमच्या महिला मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कुंकू त्यांचंच, हा रिवाज मी यायच्या आधीपासूनचा.

मंगलाताईंचे यजमान गेले तेव्हा मंडळात कुजबूज झाली होती. कुंकू आता कुणाकडून घ्यायचं, असं कुणीतरी म्हणालंही. मंगलाताईंनी ऐकून घेतलं आणि कुंकू करत राहिल्या. पण तेराव्यानंतर काही दिवसांनी त्या भाजी घ्यायला निघाल्या त्या कपाळावर कुंकवाचा लहानसा ठिपका लावून. शेजारीण बघत राहिली तशा सहज म्हणाल्या, "नवीन कुंकू काढलंय. कपाळाला सोसतं की नाही बघायला नको? लोकांच्या कपाळाचा प्रश्न आहे."

माल तपासणं हा धंद्याचा भाग. मंडळानं ते मान्य केलं. हळदीकुंकवाला मात्र त्या समोर येऊन बसत नसत, आत आंबेडाळ वाटत बसत, आणि त्यांना आत जाऊन कुणी कुंकू लावत नसे.

मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. वर्षाचं कुंकू एका दमात करणं त्यांना सहज जमलं असतं. त्या मुद्दाम थोडंथोडं करत. म्हणजे नवीन कुंकू सारखं निघत राही, आणि तपासणी कधी संपत नसे. प्रयोगशाळेत इतकी वर्षं घालवूनही तपासणीचा असा उपयोग मला सुचला नव्हता. हे कळल्याचं मी त्यांना कधी दाखवलं नाही.

तर गेल्या चैत्रात, हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी शिल्पाचा फोन आला. ही तीच पहिल्या बाकावरची शिल्पा. आता बँकेत आहे, आणि मंडळाची सचिव.

"मॅडम, तुम्ही थोडं जल्दी येऊ शकता का? इथं मोठा लफडा झालाय."

"काय झालं?"

"मंगलाताईंचं कुंकू नकली निघून राहिलंय."

हॉलवर पोचले. गौर आरास करून बसली होती, पन्ह्याचं पातेलं आलं होतं, आणि पाचसहा बायका एका पांढऱ्या बशीभोवती जमल्या होत्या. बशीत कुंकू, त्यावर पिळलेलं लिंबू, शेजारी बाजारच्या कुंकवाचं पाकीट. शिल्पानं मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. असली कुंकू असेल तर लिंबानं पिवळं पडतं, नकली लालच राहतं. बशीतलं कुंकू लालभडक होतं.

"मॅडम, व्हिडिओवर मी भरोसा नसता केला," शिल्पा म्हणाली. तिचा चेहरा खरंच उतरला होता. "पण हे तर तुम्हीच शिकवलं होतं ना. दुपट्ट्यावर मीच पिळलं होतं लिंबू. आता काय करायचं? बायकांना विचारून राहिले तर त्या म्हणतात, पाकिटवालं वापरा आणि यंदापासून यांचं बंद, असं माइकवर सांगूनच टाका. ऐलर्जी झाली कुणाला तर जिम्मेदारी आपली."

मी आत पाहिलं. मंगलाताई पाट्यापाशी बसल्या होत्या, भिजवलेल्या डाळीचे हात तसेच मांडीवर. कपाळावर नेहमीचा ठिपका होता. सगळं त्यांच्या कानावर आलेलं होतं. आज माइकवरून ते कुंकू नकली ठरलं असतं तर कुंकू करणं थांबलं असतं. आणि करणं थांबलं की तपासणंही. उद्या भाजी घ्यायला निघताना कपाळावर काही लावायला त्यांच्याकडे कारण उरलं नसतं. मला वाटतं, हे तिथे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

खरं सांगते, मी घाबरले होते. लिंबू खोटं बोलत नाही हे मी आयुष्यभर शिकवलं. हळद चुन्यानं लाल केली असेल तर ती लिंबानं पिवळी व्हायलाच हवी. इथे झाली नव्हती. मनात आलं, दुसऱ्या वाटीचं नावच काढू नये. सांगावं की लिंबू जुनं असेल, आणि वेळ मारून न्यावी. पण ज्या बाईनं मुलींना जन्मभर दोन वाट्यांचा जाच केला, तिला ते शोभलं नसतं.

मी आत जाऊन मंगलाताईंशेजारी बसले.

"मंगलाताई, तुम्ही यात चुना किती घालता?"

"चुना?" त्यांनी मान वर केली. आवाज अगदी बारीक होता. "छे हो मॅडम. सासूबाईंनी चुन्याला कधी हात लावू दिला नाही. चुन्यानं कातडी जळते म्हणायच्या. टाकणखार, तुरटी, लिंबू, बस."

टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. कॉलेजात आम्ही हा खार ओळखायचो तोच मुळी हळदीच्या कागदावर. हळद, टाकणखार आणि आंबट एकत्र वाळले की लाल रंग येतो. चुन्याचा लाल वेगळा, हा वेगळा. ज्याला लिंबानंच लाल केलं, त्याला लिंबू काय घाबरवणार? आणि अशा लाल रंगावर धुण्याचा सोडा पडला तर काय होतं, तेही मला आठवलं.

"शिल्पा, भांडी घासायला धुण्याचा सोडा ठेवलाय ना, तो घे. पाण्यात कालव. आणि ते पाकीटही आण."

स्वच्छ बशीच्या एका बाजूला मंगलाताईंचं कुंकू घातलं, दुसऱ्या बाजूला पाकिटातलं. आमच्या मंडळाच्या अध्यक्षा माई, वयानं सगळ्यांत मोठ्या, खुर्ची ओढून पुढे बसल्या. मंगलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी आधी त्यांच्या कुंकवावर सोड्याचं पाणी टाकलं.

कुंकू काळं पडलं. हिरवट झाक असलेलं, काजळासारखं काळं.

"अगं बाई," माई म्हणाल्या आणि त्यांचा हात तोंडाशी गेला. चैत्रगौरीचा दिवस, भरलेला हॉल, आणि बशीत काळं पडलेलं कुंकू. एकदोघी मागे सरकल्या. मंगलाताईंनी दाराची चौकट धरली. "मॅडम, हे काय झालं? बिघडलं का हो?" त्या म्हणाल्या.

"बिघडलं नाही. साक्ष दिली त्यानं," मी म्हटलं, आणि उरलेलं पाणी पाकिटातल्या कुंकवावर ओतलं. ते लालच राहिलं. लिंबू पिळलं, तरी लाल. "हे बघा. याला आंबटाचं काही नाही, खाराचं काही नाही. याच्यात हळदच नाही, नुसता रंग आहे. मंगलाताईंच्या कुंकवात हळद आहे आणि टाकणखार आहे, म्हणून ते सोड्यानं काळं झालं. नकली असतं तर झालं नसतं."

कुणाला पटलं, कुणाला नाही, ते चेहऱ्यांवरून कळेना. काळ्या रंगाची भीती रसायनशास्त्राहून जुनी आहे. माईंनी विचारलं, "पण मॅडम, कपाळावर असं काळं झालं तर?"

"माई, तुम्ही कपाळाला धुण्याचा सोडा लावता का?"

माई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नाही बाई. एवढे वाईट दिवस नाही आले." आणि त्याच पहिल्या हसल्या.

शिल्पा मात्र हसली नाही. ती बशीकडे बघत होती, शाळेत उत्तर चुकलं की बघायची तशी. "मॅडम, तुम्ही दोन वाट्या ठेवायच्या," ती हळू म्हणाली. "आम्ही तुमची नक्कल पण करायचो. मला एकच वाटी लक्षात राहिली."

"अर्धं लक्षात राहिलं हेही काही कमी नाही," मी म्हटलं. "बाकीच्यांना तर जास्वंदही आठवत नसेल."

तिनं कपाळावरची चिकटवायची टिकली काढली आणि मंगलाताईंसमोर जाऊन उभी राहिली. "ताई, मला लावा तुमचं कुंकू."

"माझे हात डाळीचे आहेत गं," मंगलाताई म्हणाल्या. खरं तर हात पुसायला पदर होता. पण हळदीकुंकवात त्यांनी कुणाला कुंकू लावून कितीतरी वर्षं झाली होती.

"मग आधी मी लावते."

आणि कुणी काही म्हणायच्या आत शिल्पानं गौरीपुढचा करंडा उचलला, मंगलाताईंना हळद लावली, त्या जुन्या ठिपक्यावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल आणि सगळं फिसकटेल. बोलल्या माईच. "उभं काय ठेवलंय तिला? बसव इथे माझ्याजवळ. आणि डाळ दुसरं कुणीतरी वाटा, दरवर्षी हिनंच का वाटायची?" मी तेव्हा रडले. सांगायला लाज वाटत नाही. डोळ्यांतलं पाणी खारं असतं, पण त्या दिवशी तपासायला मी जास्वंदीची पट्टी नेली नव्हती.

ओटीत हरभरे घेऊन मंगलाताई त्या संध्याकाळी माईंशेजारी बसून राहिल्या. डाळ थोडी भरड झाली होती, पण तक्रार कुणी केली नाही.

मध्यंतरी पुन्हा लिंबाहळदीचा वास आला म्हणून मी त्यांच्याकडे गेले. सावलीत परातीत हळकुंडं पसरली होती, अजून ओली, कुटायला बराच अवकाश असलेली. मंगलाताई चहा घेऊन आल्या तेव्हा कपाळावर कुंकू होतं. पूर्वीसारखा ठिपका नाही, रुपयाएवढं. माझी मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून विचारलं, "तपासणी चाललीय वाटतं?"

"नाही हो मॅडम," त्या चहा ओतत म्हणाल्या. "तपासायचं कुंकू अजून वाळतंय."